रुपयाएवढी चाई

डोक्याचं मला विचारा. बाकी कशाचं विचारू नका, त्यात मी शहाणा नाही. मी लोटन, यावलच्या बाजारात लिंबाखाली बसणारा न्हावी. गावातला पाटील असो की वाणी, त्याच्या टोपीखाली काय आहे ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. बायको तोंडाकडे बघते, मी टाळूकडे.

हे शहाणपण बापाचं. मी दहा वर्षांचा असताना त्यानं मला गिऱ्हाइकाच्या मागे उभं करून शिकवलं. कपाळापासून केस मागे सरकत गेले, नाहीतर टाळूवर विरळ होत गेले, तर ते घराण्याचं टक्कल. बापाचं पोराला येतं, आईच्या भावाचंही येतं, त्याला तेल लावून तेल फुकट घालवू नये. मुदतीच्या तापातून उठलेल्याचे दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात, पण येतात परत. पोरांच्या डोक्याला खपल्या धरतात आणि केस मुळापाशी तुटतात, तो खवडा. तो लागट. त्याचं फडकं वेगळं, वस्तरा उकळत्या पाण्यात. वाईट रोगाचे केस जातात तेव्हा डोकं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं, ठिकठिकाणी. आणि चाई म्हणजे एकच गोल चट्टा, रुपयाएवढा, हाताला गुळगुळीत. ना खाज, ना खपली. चाई कुणाची कुणाला लागत नाही आणि बहुतेकदा आपसूक भरून येते. बाप म्हणायचा, डोळ्यांनी बघू नको, बोटानं बघ.

तर मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी अडाणी म्हणून माफ करायला नको.

आमच्याकडे सोयरीक जुळायची झाली की मुलीकडचा एखादा वडीलधारा मुलाच्या गावच्या न्हाव्यापुढे दाढीला बसतो. केळीचा भाव, पाटाचं पाणी असं इकडचं तिकडचं बोलतो आणि उठता उठता विचारतो, अमक्याच्या पोराचं डोकं कसं आहे? न्हाव्यानं म्हणायचं, निर्मळ. त्या एका शब्दात सगळं आलं. कोड नाही, खवडा नाही, वाईट रोग नाही. आणि काही असलंच, तर न्हावी तोंडानं वाईट बोलत नाही. गावच्या माणसाची बदनामी आपल्या जिभेनं कशाला करायची? तो नुसता वस्तरा पुसत बसतो. विचारणारा काय ते समजतो आणि रामराम करून उठतो.

एकोणपन्नास सालची गोष्ट. चुडामण पाटील म्हणजे आमच्या गावातलं केळीचं मोठं घर. त्याचा एकुलता एक पोरगा पितांबर, एकवीस वर्षांचा. याचं जावळ मी काढलं होतं, माझ्या मांडीवर. साकळीच्या अभिमन पाटलाची कुंदा त्याला सांगून आली होती. मुलगी बघून झाली, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. पितांबर त्या दिवसांत मळ्यातून येताना मोठ्यानं गाणी म्हणत यायचा, साऱ्या गल्लीला कळायचं.

आणि चुडामणला काय दुर्बुद्धी सुचली, त्यानं पोराला केस कापायला जळगावला पाठवलं. तिथं खुर्ची होती, मोठा आरसा होता. पाठवलं ते पाठवलं, वर लिंबाखाली चार माणसं बसलेली असताना मला म्हणाला, "लोटन, तुझी कातर आता मेंढ्यायले ठेव. पोराले पाहुणे पाह्यतील." माणसं हसली. मीसुद्धा हसलो. पण आतून असा पेटलो की दोन दिवस बायकोशी धड बोललो नाही. त्याच्या बापाची दाढी माझ्या बापानं केली, त्याचं जावळ, त्याच्या पोराचं जावळ आमच्या घरानं काढलं, आणि आता मेंढ्या?

चार दिवसांनी पितांबर दाढीला आला. जळगाववाल्यानं मागून बारीक मारले होते, म्हणून उजव्या कानामागे मला तो चट्टा दिसला. बोट फिरवलं. गोल, गुळगुळीत, स्वच्छ. चाई. शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं.

"काय आहे नाना?" त्यानं विचारलं.

"जळगावच्या माणसाले नही दिसलं का हे?" मी म्हणालो. तेवढंच बोललो. त्याला काही टोचायचं नव्हतं मला, त्याच्या बापाला टोचायचं होतं. पण मान माझ्या हातात पोराची होती. ती मान एकदम ताठ झाली, ते मला कळलं. मी दाढी पुरी केली आणि फडकं झटकलं.

दुसऱ्या दिवशी अभिमन पाटील साकळीहून आला. दाढीला बसला, केळीचं बोलला. उठता उठता म्हणाला, "लोटनभाऊ, पितांबरचं डोकं कसं आहे?"

मी वस्तरा पुसत बसलो.

तो थोडा थांबला. त्यानं परत विचारलं नाही. रामराम केला आणि मोटारस्टँडकडे गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. मनात माझा हिशेब असा, की संध्याकाळपर्यंत चुडामण धावत येईल. मग मी त्याला चांगलं सुनावीन, मेंढ्यांचा न्हावी आहे ना मी, मग माझा शब्द कशाला लागतो तुम्हाला? तो हात जोडील. मग मी पागोटं बांधून साकळीला जाईन आणि सांगीन, निर्मळ आहे. एका दिवसाचा रुसवा होता हो तो. एका दिवसाचा.

चुडामण आलाच नाही. साकळीहून निरोप आला, मुलगी आम्हाला द्यायची नाही. चुडामणनं कारण शोधून काढलं असेल, कळलं असेल त्याला, न्हाव्यानं वस्तरा पुसला. त्यानं घरी पोराचं डोकं उलटंपालटं करून बघितलं असणार, चट्टा दिसला असणार, आणि तो घाबरला. मेंढ्यांचा न्हावी म्हणाला खरा, पण माझ्या बोटावर त्याचाही पुरता विश्वास होता. भांडायला आला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी चार दिवस वाट बघितली, मग आठ. नंतर मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की माझं तोंड उघडत नाही. त्याच महिन्यात कुंदाचं लग्न झालं. नरडाण्याला रेल्वेत कामाला असलेला एक बिजवर मिळाला, पहिलीची दोन लेकरं होती त्याला.

आणि लग्नानंतर अभिमन पाटील माझ्याकडे आला. हातात नारळ आणि जरीकाठी उपरणं. म्हणाला, "तुमी माझी पोरगी वाचवली." मी ते घेतलं. काय म्हणणार होतो? घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी टाकलं. बायको म्हणाली, सणाला तरी घ्या. मी तिच्यावर असा खेकसलो की तिनं परत नाव काढलं नाही.

पितांबर दर पंधरा दिवसांनी यायचाच. बसायचा, मान पुढे करायचा, एक अक्षर बोलायचा नाही. गाणी बंद झाली होती. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या चट्ट्यात पांढरी लव आली, चाई भरते तेव्हा आधी पांढरेच येतात. पुढल्या होळीला ते काळे झाले. मी ते सगळं बघत होतो, वाढताना, कापताना. बोलायला एवढीशी फट पुरली असती. मी मनाशी म्हणायचो, पुढल्या खेपेला. आठ वर्षं पुढल्या खेपेला.

मधे दोन ठिकाणचे लोक विचारायला आले होते. दोघांना मी, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच, तीनतीनदा निर्मळ म्हणून सांगितलं. पण पितांबरनंच नकार दिला. मला वाटलं, कुंदासाठी झुरतोय, हट्टी आहे. खरं सांगतो, मला जरा बरंही वाटलं. आता मी अडवत नाही, तोच नाही म्हणतो, असं म्हणून मी रात्री झोपायचो. त्रेपन्न साली चुडामण वारला. दहाव्याला पितांबरचं डोकं मीच केलं. सगळं डोकं उघडं झालं माझ्या हाताखाली, कुठं डाग म्हणून नव्हता. नदीवर पन्नास माणसं होती. तिथंही मी बोललो नाही.

सत्तावन्न साली माझी लेक लता बाळंतपणानंतर सासरी धुळ्याला होती, देवपूरला. तिचे केस जायला लागले म्हणून पत्र आलं. मी गेलो. माझी विहीण मोहनबाई दारातच सुरू झाली, "बठ्ठा केस गळी राहिनात व्याही, पोरले नजर लागेल शे." सगळे केस गळताहेत, सुनेला कुणाची नजर लागली, असं तिचं म्हणणं. लता फणी घेऊन बसली होती, फणीत गुंतवळाचा गोळा. रडत होती. मी म्हणालो, बाळंतिणीचे जातात, येतील. पण घरच्या न्हाव्याचं कोण ऐकतं? म्हणून तिला तिथल्या एका दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टर होत्या, वयस्कर, सावकाश बोलणाऱ्या.

त्यांनी लताला सांगितलं, "पोटुशी असताना गळायचे ते केस थांबून राहतात, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सगळे एकदम जातात. वर्षाच्या आत भरून येतील. फक्त अंबाडा इतका करकचून बांधू नका, त्यानं कपाळावरचे कायमचे जातील." लता हसली. तिच्या सासूला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती गप्प झाली.

मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही. म्हणालो, "बाई, आणि रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर? एकच, गुळगुळीत."

"चाई," त्या म्हणाल्या. "का होते ते नीट कळलेलं नाही अजून. कधी घराण्यात असते. लागट नाही, वाईट रोगाशी काही संबंध नाही. बहुतेकांची भरून येते." मग चष्म्यातून बघत म्हणाल्या, "तुमच्या माहितीत कुणी आहे का? त्याला पाऱ्याची औषधं घेऊ देऊ नका. लोक गुपचूप वैदूंकडे जातात, वाईट रोग समजून पारा खातात. हिरड्या काळ्या पडतात, दात पडतात."

पितांबरचे खालचे दोन दात पडले होते. हिरड्या काळ्या होत्या. दर पंधरा दिवसांनी मी त्या ओठावरून वस्तरा फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, तंबाखू फार खातो.

यावलला आलो आणि तो यायची वाट बघितली. तो आला. फडकं टाकलं, साबण लावला. उजवा गाल केला. तेवढ्यात माझा हात थांबला.

"पितांबरभाऊ, तू पारा खाल्ला का रे?"

तो हातातल्या आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुले तं आधीपासून ठाऊक आहे, नाना. तूच पाह्यलं पहिले."

"काय पाह्यलं?"

त्यानं आवाज खाली केला. लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी तो एकदा दोस्तांबरोबर भुसावळला एका बाईच्या घरी गेला होता. एकदाच. आणि पुढे महिन्याभरात मी त्याच्या कानामागे बोट फिरवून म्हणालो, जळगावच्या माणसाला दिसलं नाही का हे? मग वस्तरा पुसला. "मले वाटलं, तुझ्या बोटाले समजलं. मंग मी चोपड्याच्या एका वैदूकडे गेलो. दोन वर्षं त्याच्या पुड्या खाल्ल्या. दोन पोरींचे बाप आले तं तू निर्मळ म्हणाला. तू माझ्यासाठी खोटं बोलला, असं वाटलं मले. तुझे उपकार मानले मी. पण दुसऱ्याची पोरगी कशी नासवू? म्हणून मीच नही म्हटलं."

मी वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मेंढ्यांपासून. चाई होती, साधी चाई, मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तुझ्या बापावर रुसलो होतो. तुला कधीच काही झालं नव्हतं, भाऊ. तू नुसता माझा रुसवा खाल्लास आठ वर्षं, आणि वर पारा.

मी म्हणालो, मार मला. तो उठला. मानेवरचं फडकं काढून माझ्या पेटीवर नीट घडी घालून ठेवलं. डाव्या गालावर साबण तसाच. टोपी घातली आणि भर बाजारातून चालत गेला.

अर्ध्या दाढीचा माणूस बाजारातून गेला तर गाव काय गप्प बसतं? पहिल्या वाण्यानं विचारलं, काय झालं पितांबर? तो म्हणाला, "लोटनले विचारा." पुढच्यानं विचारलं, लोटनला विचारा. दुसऱ्या दिवशीही त्यानं दाढी पुरी केली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मळ्यात गेला तसाच, केळीच्या गाडीवर गेला तसाच, मारुतीला गेला तसाच. आणि जो तो माझ्याकडे. मी कुणापुढे वस्तरा पुसत बसणार होतो? एकेकाला सांगितलं. कुणी थुंकलं, कुणी समजूत घातली. समजूत घालणाऱ्यांचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई आली, पितांबरची आई. ती बाजारात कधी येत नाही. लिंबाखाली पुरुषांत उभी राहिली, डोक्यावरचा पदर धरून, आणि मला म्हणाली, सांग. मी तिला सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"आठ वर्षं मी देवायले नवस बोलली," ती म्हणाली. "एखादा नवस तुले बोलली असती तं बरं झालं असतं."

ती गेली, आणि मी त्या दिवशी पेटी बंद केली.

तिसरा दिवस बाजाराचा. साकळीची माणसं बाजाराला येतात, तसा अभिमन पाटीलही आला. त्यालाही वाटेत अर्धी दाढी दिसली होती. मी त्याला विचारू दिलं नाही. घरी जाऊन ट्रंक उपसली, उपरणं आणलं, घडीसकट त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं. तो म्हातारा झाला होता आता. उपरण्याच्या काठावरून त्यानं बोट फिरवलं.

"कुंदा मागच्या दिवाळीले आली होती," तो म्हणाला. "म्हणे, आबा, तुमी माझं बरंच पाह्यलं असंल. मी म्हटलं, हो. आता तिले काय सांगू?"

मी म्हणालो, मी नरडाण्याला जाऊन सांगतो. तो म्हणाला, "नको. तिनं आता तिथं मन लावलं आहे. तेवढं तं राहू दे." उपरणं त्यानं नेलं नाही, माझ्याकडेही दिलं नाही. ते तिथंच लिंबाच्या ओट्यावर राहिलं, संध्याकाळी कुणीतरी उचललं.

चौथ्या दिवशी सकाळी पितांबर आला. दोन्ही गाल वाढले होते, एक कमी, एक जास्त. पाटावर बसला. लिंबाखाली सहा-सात माणसं होती.

"पुरी कर," तो म्हणाला.

मी साबण लावला. त्यानं मान हलवली नाही. दाढी झाली. सवयीनं माझं बोट त्याच्या उजव्या कानामागे गेलं आणि त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"निर्मळ."

"मोठ्यानं सांग."

"निर्मळ आहे," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. लिंबाखालची माणसं खाली बघत होती.

त्यानं मनगट सोडलं. टाळूवर हात फिरवून म्हणाला, "आणि हे वरतून विरळ होऊ राह्यलं ते?"

"ते तुझ्या बापाचं. ते येणारच होतं."

पहिल्यांदाच तो थोडं हसला, काळ्या हिरड्या दिसल्या. उठून टोपी घातली. दोन पावलं गेला आणि परत वळला.

"आता माझं विचारायले कोणी येणार नही, नाना," तो म्हणाला. "तरी सांगत जा."

म्हणून सांगतो.